नेमबाजीच्या वर्गाचे पैसे भरण्याआधी हे वाचा

नाशिकमध्ये मुलांना नेमबाजीला घालायचा विचार ज्या घरांत चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. फी, रायफल, जॅकेट आणि 'परवाना' धरून आमचे 1,30,000 रुपयांच्या वर गेले. पैशांपेक्षा जास्त राग याचा येतो की आठवीतल्या मुलीने जीव तोडून सराव केला आणि तो सगळा चुकीचा.

ऑगस्ट 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम मारायचा प्रकार) ब्राँझ मिळवलं. तो कोल्हापूर जिल्ह्यातला, पण घडला नाशिकच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत, त्यामुळे इथे सगळ्यांनाच अभिमान वाटला. त्याच सुमारास आमच्या भागात एका अकॅडमीचा फ्लेक्स लागला. त्यावर स्वप्नीलचा भलामोठा फोटो आणि खाली 'डायरेक्ट नॅशनल'. स्वप्नीलचा त्या वर्गाशी काडीचाही संबंध नव्हता. तिथले सर मात्र मला म्हणाले, "ताई, मुलीचा हात स्थिर आहे. दोन वर्षांत नॅशनल, मग दहावीला सवलतीचे गुण आणि नोकरीत 5 टक्के आरक्षण." ही आशा प्रत्येक आईबापाला लागलेली असते आणि ते तिथेच बोट ठेवतात.

'डायरेक्ट नॅशनल' असं काही नसतं. आधी राज्य स्पर्धा, मग मावळंकरसारख्या राष्ट्रीयपूर्व स्पर्धा, तिथे ठरलेला किमान स्कोअर करावा लागतो, तेव्हा कुठे राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडतं. आरक्षणासाठी तर प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. मुलीला मिळालेलं 'राष्ट्रीय' प्रमाणपत्र ज्या फेडरेशनचं होतं, तिचं नावही नॅशनल रायफल असोसिएशनच्या, म्हणजे देशातल्या नेमबाजीच्या मुख्य संघटनेच्या, कुठल्याच संलग्न संघटनेशी जुळलं नाही.

हे सगळं बाहेर आलं ते माझ्या दिरांमुळे. ते फर्निचरचं काम करतात, खिशात कायम टेप. पुतणीला न्यायला गेले, सहज म्हणून रेषेपासून टार्गेटपर्यंत टेप लावला (एअर रायफलसाठी हे अंतर 10 मीटर असायला हवं) आणि घरी येऊन म्हणाले, "वहिनी, हे 10 मीटर नाही, साडेआठही भरत नाही." मग मी घरात साठवलेली तिची टार्गेट काढून बसले. सगळी साध्या झेरॉक्स कागदावरची. छऱ्याने कागद फाटलेला, भोकाच्या कडा चिंध्यांसारख्या. खऱ्या टार्गेटचं कार्ड असं असतं की छऱ्याचं भोक स्वच्छ कापलं जातं, म्हणून गेज (भोकात घालून गुण ठरवायचं साधन) लावून गुण मोजता येतात. एअर रायफलच्या टार्गेटवर 10 गुणांचं वर्तुळ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, बॉलपेन टेकवल्यासारखा. आमच्या कागदांवर तो डाळीच्या दाण्याएवढा होता. साडेआठ मीटरवरून असल्या कागदावर मारल्यावर स्कोअर चांगलाच दिसणार! ते आकडे दाखवूनच आमच्याकडून पुढच्या सहा महिन्यांची फी घेतली गेली.

रायफलचं सांगते, कारण जास्तीत जास्त पैसा तिथेच जातो. 'स्पर्धेची जर्मन रायफल' म्हणून 65,000 ला जुनी रायफल दिली. हवेच्या सिलिंडरवर अकॅडमीचा स्टिकर होता. तो सोलल्यावर खाली कोरलेली तारीख दिसली. बनवणारे सिलिंडरला साधारण 10 वर्षांची मुदत देतात, त्यानंतर ते वापरू नये आणि स्पर्धेतल्या तपासणीतही अडतं. आमच्याची मुदत कधीच उलटून गेली होती. म्हणजे इतके महिने माझी मुलगी दाबाने भरलेलं मुदतबाह्य सिलिंडर गालाजवळ धरत होती. यासाठी मी त्यांना माफ करणार नाही. आणि परवान्याचे 8,000? 0.177 इंच बोअरच्या (नळीच्या आतला व्यास) आणि 20 जूलच्या आत जोर असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागतच नाही. जॅकेटही 'वाढतं अंग आहे' म्हणून दोन साइज मोठं. नेमबाजीचं जॅकेट अंगाबरोबर बसलं नाही तर त्याचा उपयोगच नसतो.

सुरुवातीचे काही महिने स्वतःची रायफल घ्यायची गरज नसते, चांगल्या रेंजवर त्यांचीच वापरायला देतात. पहिल्याच भेटीत कुणी रायफल विकायला लागलं तर तिथून निघा.

प्रवेशाआधी एक दिवस नुसतं बसून बघा. मुलं टार्गेट बदलायला पुढे जातात तेव्हा बाकीच्यांच्या रायफली रिकाम्या करून खाली ठेवलेल्या असतात का? नळीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) घातलेला दिसतो का? कमांड दिल्याशिवाय कुणी रायफलला हात लावतं का? आमच्या त्या हॉलमध्ये एक मुलगा छरा भरत होता आणि दुसरा पुढे टार्गेटपाशी उभा होता. छरे शिशाचे असतात, पण हात धुवायला साधा नळही नव्हता. सर कोणत्या जिल्हा किंवा राज्य संघटनेकडे नोंदलेले आहेत ते विचारा आणि त्या संघटनेला स्वतः फोन करा. मुलांचे नेमबाज म्हणून आयडी निघालेत का, तेही बघा. खरी माणसं अशा प्रश्नांनी चिडत नाहीत. उलट ज्या रेंजवर आता मुलगी जाते तिथल्या मॅडमनी मलाच टेप दिला, म्हणाल्या, "मोजून घ्या ना."

पावतीकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. आम्हाला फीची पावती म्हणून एका ट्रस्टची 'देणगी' लिहिलेली पावती दिली. पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं, देणगी परत मिळत नसते. नशिबाने ऑनलाइन पाठवलेल्या पैशांचे तपशील आणि "फी भरा" असे त्यांचे मेसेज माझ्याकडे आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, वकिलांकडून नोटीस पाठवली. "निम्मे घ्या आणि विषय संपवा," असा निरोप आला. आम्ही नाही म्हटलं आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुमच्या घरातही अशी 'देणगी'ची पावती पडली असेल तर ती फेकू नका, आणि फोनमधले मेसेज आजच उतरवून ठेवा.