पावसाळा, बनाना ब्रेड आणि सोळा लिटरचा ओटीजी

बनाना ब्रेडच्या बहुतेक पाककृती बर्फाच्या मुलखात लिहिलेल्या असतात. बाहेर बर्फ पडतोय, ओव्हन पेटवला की स्वयंपाकघर ऊबदार होतं, ओट्यावरचं लोणी १८-२० अंशांना जेमतेम बोट रुतेल इतकं मऊ, हे सगळं त्यांत धरूनच चाललेलं असतं. रत्नागिरी-मालवणच्या जुलैत यातलं काहीच नाही. खोलीत २७-२८ अंश, हवेत ८५-९० टक्के दमटपणा, लोणी डब्यातच पाघळलेलं आणि वीज असली तर असली. अशा घरात १६ ते १९ लिटरचा, दोन रॉडचा, पंखा नसलेला साधा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन) बनाना ब्रेडला पुरतो का, एवढाच या परीक्षणाचा विषय. एकाच कंपनीचा नव्हे, या मापाच्या यंत्राचाच. साधारण साडेतीन ते पाच हजारांत मिळणारा आणि बहुतेक घरांत पहिला ओव्हन म्हणून येणारा हाच.

पुरतो. पण याच्या खोड्या माहीत नसतील तर वरून काळी आणि आतून कच्ची वीट हातात येते.

पहिली खोडी तापमानाच्या बटणाची. बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असेलच असं नाही. १५-२० अंशांचा फरक या वर्गात अगदी सर्रास दिसतो. शिवाय थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करत राहतो, त्यामुळे आतलं तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर-खाली झुलत असतं. जाळीला टांगायचा तबकडीचा ओव्हन-थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो ओटीजीबरोबरच घ्यावा. तो नसेल तर साखरेची परीक्षा करता येते. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत अर्धा चमचा साखर ठेवून बटण १७५ वर १५ मिनिटं ठेवा. दाणे कोरडे राहायला हवेत. मग १९० वर आणखी १५ मिनिटं, आता वितळायला हवी. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतोय, १९० लाही दाणे तसेच असतील तर कमी. त्या हिशेबाने बटणावर न पुसणाऱ्या पेनाने खूण करून टाका.

दुसरी खोडी उंचीची. आत वीतभरही उंची नसते. ब्रेड फुगला की त्याचा माथा वरच्या रॉडच्या अगदी जवळ जातो आणि हवा तापायच्या आधी रॉडची थेट आंच माथ्याला लागते. केळ्यातली आणि वरून घातलेली साखर लवकर करपते, म्हणून साध्या केकपेक्षा बनाना ब्रेडमध्ये हे जास्त जाणवतं. उपाय असा: जाळी सर्वांत खालच्या खाचेत, ओव्हन दोन्ही रॉडवर तापवून घ्यायचा, टिन आत गेला की पहिली ३५ मिनिटं फक्त खालचा रॉड, नंतर दोन्ही. माथा बदामी झाला की वर फॉइल सैलसर ठेवायचं, दाबून बसवायचं नाही. टिन फिक्या अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. काळा नॉनस्टिक टिन रॉडची आंच जास्त ओढतो आणि बूड चामड्यासारखं होतं. तोच घरात असेल तर तळाला बटर पेपरचे दोन थर द्या.

वर-खाली आंच हे कोकणाला नवीन नाही म्हणा. तवशाचं धोंडस (काकडीचा गोड केक) जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजतात, ते याच तत्त्वावर. फरक इतकाच की निखारे वीज गेल्यावर विझत नाहीत.

आणि इथे तिसरी खोडी येते, जिचा उल्लेख कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. या ओटीजींचा टायमर चावीचा, स्प्रिंगवर चालणारा असतो. वीज गेली तरी तो टिकटिकत राहतो आणि वेळ भरली की घंटी वाजवतो, आत ब्रेड निम्मा कच्चा का असेना. म्हणून पावसाळ्यात टायमरचं बटण कायम-चालूच्या खुणेवर ठेवा आणि वेळ मोबाइलवर लावा. वीज गेली की मोबाइलचा टायमर थांबवायचा, आली की पुन्हा सुरू करायचा. असं लावून घराबाहेर मात्र जाऊ नका, कारण या खुणेवर ओव्हन स्वतःहून बंद होत नाही.

विजेचा दाब कमी असणं हे वीज जाण्यापेक्षा फसवं. रॉडची ताकद दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात उतरते. २३० व्होल्टला १२०० वॉट देणारा ओटीजी १९० व्होल्टला जेमतेम ८२० वॉट देतो, म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. बारा मिनिटांत तापणारा ओव्हन मग वीस मिनिटं घेतो आणि दार एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून काढायलाच त्याला बराच वेळ लागतो. दिवे पिवळट दिसत असतील तर तापवण्याला दुप्पट वेळ द्या आणि पहिली ४० मिनिटं दाराला हात लावू नका. घरगुती इन्व्हर्टरवर हे यंत्र चालत नाही, प्रयत्नही नको.

याच कारणाने २८-३० लिटरचा मोठा ओटीजी इथे डोळे झाकून सुचवता येत नाही. उंची चांगली मिळते, माथा करपत नाही हे खरं. पण त्याला १५००-१६०० वॉट लागतात आणि कमी दाबाला तो तापता तापत नाही. छोटा डबा दोन भारनियमनांच्या मधल्या तासाभरात काम उरकतो. वर्षभर नीट वीज असणाऱ्या घराने मोठा घ्यावा, बाकीच्यांनी छोटाच.

आता केळी. यंत्रापेक्षा ब्रेड इथेच जास्त बिघडतो.

वेलची केळी या कामाला सगळ्यांत सरस: गोडीला किंचित आंबट कड, वास दाट, आणि बागायतीच्या गावात श्रावणापासून गणपतीपर्यंत पूजेची, प्रसादाची केळी घरात साठतच असतात. साल पातळ असल्याने ती लवकर काळी पडते, त्यावर जाऊ नका. देठाजवळ बोटाने दाबून बघा, आत पूर्ण मऊ लागायला हवं. बाजारातली मोठी केळी रायपनिंग चेंबरमधून येतात. साल पिवळी धमक, आत पिठूळ. आणल्यावर तीन-चार दिवस ठेवून सालीवर भरपूर काळे ठिपके येऊ द्या. चिलटं नकोत म्हणून फ्रिजमध्ये ठेवाल तर पिकणंच थांबेल. जाळीखाली किंवा ओल्या नसलेल्या फडक्याखाली ठेवा. राजेळी केळं पिकूनही घट्ट राहतं, म्हणून तर वसईकडे त्याची सुकेळी (वाळवलेली केळी) होतात. ते न शिजवताच कुस्करलं तर गोळ्या राहतात. वापरायचंच असेल तर सालीसकट ८-१० मिनिटं वाफवून मग कुस्करा, आणि एकूण केळ्यांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका.

कच्चट केळी ओव्हनमध्ये १५० अंशांवर वीस मिनिटं ठेवून 'पिकवायची' युक्ती फिरत असते. त्याने साल काळी होते, गर मऊ होतो, पण पिष्टाची साखर त्या मानाने होत नाही. घाई असेल तर करा आणि साखर वीस ग्रॅम वाढवा.

२१ बाय ११ सेंटिमीटरच्या लोफ टिनला हे माप बरोबर बसतं, म्हणजे टिन दोन तृतीयांश भरतो: सोललेली केळी ३५० ग्रॅम (वेलची असतील तर ८ ते १०), मैदा १९०, साखर ११०, तेल ८० मिलिलिटर, दोन अंडी, खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, मीठ पाव चमचा, जायफळ चिमूटभर. केळी वजनावर घ्या, मोजून नाही. 'तीन केळी' या मापाने जितके ब्रेड बसलेत तितके दुसऱ्या कशाने बसले नसतील. शंभर ग्रॅम केळं जास्त झालं तरी तळाला दोन बोटं जाडीचा चिकट, ओला पट्टा येतो.

लोणी वापरूच नका असा आमचा सल्ला. फेटलेल्या लोण्यात हवा अडकते ती १८-२० अंशांना. पावसाळ्यातल्या खोलीत ते फेटेपर्यंत तूप होतं. तेलाचा ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. त्यातलं निम्मं खोबरेल घेतलं तर केळ्याशी वास छान जुळतो; सगळं खोबरेल नको, फ्रिजमध्ये काप दगड होतात. गूळ घालायचा तर पावसाळ्यात त्याला पाणी सुटलेलं असतं, म्हणून तेल दहा मिलिलिटर कमी करा. अंडं चालत नसेल तर अंड्यांच्या जागी १०० ग्रॅम घट्ट दही, तापमान दहा अंश कमी आणि दहा मिनिटं जास्त. दह्याचा ब्रेड माथ्याला सपाट येतो, चव उणी नसते.

सोड्याची परीक्षा दर पावसाळ्यात करावी. चिमूटभर सोड्यावर लिंबाचे किंवा कोकमाच्या आगळाचे थेंब टाकले की जोरात फसफसायला हवं. आगळ सोड्यावर काळपट-निळा होतो, तो रंग पाहून दचकू नका. बेकिंग पावडर वापरत असाल तर ती गरम पाण्यात टाकून बघा. दमटपणात आधी तीच मरते. फुगावं म्हणून सोडा वाढवला तर ब्रेड गडद होतो आणि साबणाची चव लागते.

केळी, साखर, तेल, अंडी आधी एकजीव करा. मैदा, सोडा, मीठ चाळून वरून घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. पंधरा-वीस वळसे पुरतात. मिश्रण गुळगुळीत होईपर्यंत घोटलं की ब्रेड रबरासारखा होतो आणि आत उभी भोकं पडतात. अक्रोडाऐवजी काजूची पाकळी चाळीस ग्रॅम छान, पण पावसात काजू मऊ पडलेला असतो, आधी कोरडा भाजून घ्या. मिश्रण कालवल्यावर वीज यायची वाट पाहत बसू नका, सोड्याचं काम कालवल्या क्षणापासून सुरू होतं. ओव्हन तापल्याचा थर्मामीटर बघायचा आणि मगच मैदा मिसळायचा.

आतलं खरं तापमान १७० धरून ५० ते ५५ मिनिटं लागतात. सळई मध्यभागी, तळापर्यंत घाला. ओलं पीठ चिकटलं तर आठ मिनिटं अजून; दोन-चार ओलसर कण आले तर झालंय. टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५-९७ अंश.

मध्येच वीज गेली तर? पहिल्या वीस मिनिटांत गेली आणि पाचेक मिनिटांत आली तर दार न उघडता पुढे चालू ठेवा. जास्त वेळ गेली तर वाट बघू नका. या ओव्हनचा पत्रा पातळ, ऊब धरत नाही, आणि मधला भाग बसला की पुन्हा वर येत नाही. जाड बुडाचं पातेलं आत स्टँड ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, टिन अलगद त्यात हलवा आणि आच मंद करा. पाऊस जोरात असेल त्या दिवशी हे पातेलं शेगडीवर आधीच काढून ठेवलेलं बरं. तिसाव्या मिनिटानंतर वीज गेली तर धोका कमी, ढाचा धरलेला असतो. गॅसवर उरलेलं पूर्ण होतं, फक्त माथ्याला रंग येत नाही.

टिनमध्ये दहा मिनिटं, मग जाळीवर किमान दोन तास. गरम ब्रेड डब्यात भरला की आत पाणी सुटतं आणि तिसऱ्या दिवशी बुरा. या हवेत बाहेर दीड दिवस, फ्रिजमध्ये पाच दिवस. काप करून मध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये टाकले तर महिनाभर, आणि तव्यावर शेकून थेट खाता येतात.

किनाऱ्यावर या यंत्राचं आयुष्य खारी हवा ठरवते. जाळीचा मुलामा आधी जातो, मग मागचे स्क्रू आणि दाराची बिजागरी. जाळी धुतली की ओव्हन पाच मिनिटं चालवूनच सुकवा. प्लग १६ अँपियरच्या सॉकेटमध्येच, अर्थिंग तपासून. एक्स्टेंशन बोर्ड नको, तो तापतो. रॉडच्या आतली पूड दमट हवेत ओल शोषते, त्यामुळे दोन-तीन महिने बंद पडलेला ओटीजी लावताच वीजगळती-रोधक स्विच (आरसीसीबी) पडू शकतो. दर पंधरा दिवसांनी १०० अंशांवर अर्धा तास चालवला तर ही वेळ सहसा येत नाही. स्विच वारंवार पडत असेल तर तो डावलून ओव्हन चालवू नका, वायरमन बोलवा. ओव्हन बंद केल्यावर उरलेल्या उबेत मऊ पडलेले पोहे पसरून ठेवता येतात, तासाभरात पुन्हा कुरकुरीत होतात.