ओरिजिनल गेमच्या नावाखाली १५,७३० रुपयांना टोपी

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा: १५,७३० रुपये. दुकान कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं. नाव लिहिणार नाही, कारण ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. गल्लीचा नंबरही विचारू नका.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे. वय चाळिशीला टेकलेलं. या वयात कॉम्प्युटरवर गेम खेळतो म्हणून ऑफिसात हसून झालंय, तुम्ही नव्यानं हसू नका. दिवसभर जीएसटीच्या कटकटी उरकून कुणी रंकाळ्यावर भेळ खायला जातो, कुणी तिकटीला गप्पा हाणत उभा राहतो, मी पोराबरोबर स्क्रीनवर फुटबॉल खेळतो. कुणाच्या बापाचं काय जातंय?

आणि चोरीचा माल घ्यायला गेला आणि फसला, असं कुणी म्हणू नये. कॉलेजात असताना कॉपी केलेल्या सीड्यांवरच खेळलो, ते नाकारत नाही. त्या काळात ओरिजिनल बॉक्स घेतलेला एक तरी पोरगा दाखवा. सीडी ड्राइव्हमध्ये नसली की गेम सुरू व्हायचा नाही, मग ‘क्रॅक’ नावाचा फोल्डर उघडायचा, त्यातली फाइल मूळ फाइलच्या जागी डकवायची, झालं. पण आता पगार आहे, पोरगं आठवीत आहे, आपण काय करतो ते बघतंय. म्हणून ठरवून रीतसर विकत घ्यायला गेलो. दुकानात पहिलं वाक्य हेच होतं: “क्रॅक-बिक काही नको, ओरिजिनल पाहिजे.” तो म्हणाला, “दादा, आपल्याकडं डुप्लिकेट ठेवतच नाही.” आयुष्यभर फुकट खेळलो तेव्हा एक रुपया गेला नाही. इमानदारीनं पाकीट काढलं आणि लुटलो गेलो.

कॉम्प्युटर त्याच्याकडूनच जोडून घेतला होता, ७४,००० रुपयांना. त्यात खोट नव्हती. ग्राफिक्स कार्डाचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, वॉरंटी बरोबर निघाली. ही माणसं आधी विश्वास कमावतात, मग खातात. गेमचा पॅक ३,६०० चा: एक फुटबॉलचा, एक गाड्यांचा, एक तलवारबाजीचा. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, नवा मोठा गेम एकेकच तीन-चार हजारांच्या घरात जातो हे मला माहीत होतं. विचारलं तर म्हणाला, “आम्ही बल्कमध्ये घेतो, आम्हाला डीलर रेट.” आता मी रोज डीलर डिस्काउंटची बिलं करतो. एमआरपी एक आणि डीलरचा भाव त्याच्या निम्मा, हे मला नवीन नाही. ज्यांना हे बावळटपणाचं वाटतं, त्यांनी आपल्या मिक्सरचं बिल काढून बघावं.

दोन गेमसाठी त्यानं व्हॉट्सअॅपवर ‘की’, म्हणजे गेम चालू करायचा कोड, पाठवली आणि वर हुकुमाची एक ओळ. विंडोजच्या बटणावर राइट क्लिक करा, पॉवरशेल (कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून द्यायची खिडकी) अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ओळ डकवा, एंटर मारा. अँटीव्हायरस ओरडला तर बंद करा, “तो ओरिजिनल गेमलाही ओरडतो.” ओळ टाकली, स्टीम बंद होऊन परत उघडलं आणि दोन्ही गेम माझ्या लायब्ररीत, माझ्याच नावाखाली, चक्क डाउनलोड व्हायला लागले. स्वतः स्टीमच गेम देतंय म्हटल्यावर शंका कुणाला येईल? आता कळलंय म्हणून सांगतो: स्टीमची की म्हणजे पाच-पाच अक्षरांचे तीन गट, आणि ती स्टीमच्याच ‘अॅक्टिव्हेट’च्या चौकटीत टाकायची असते. तिला पॉवरशेल लागत नाही. कुणी ती काळी-निळी खिडकी उघडायला लावली की दुकानाची पायरी उतरा.

तिसऱ्या गेमचं प्रकरण मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्यासाठी तो एनीडेस्क नावाच्या प्रोग्रॅमनं लांबूनच माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरणार होता, त्याचे वेगळे ४०० रुपये ‘अॅक्टिव्हेशन चार्ज’. ठरलेल्या वेळी संध्याकाळी मी आणि पोरगं तयार होऊन बसलो. त्याचा व्हॉइस मेसेज आला: “दादा, आजचा कोटा संपला. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा.”

कोटा.

गेमला कसला कोटा? पैसे भरले, माल घेतला, संपलं. तिथंच विचारायला हवं होतं, असं आता सगळेच सांगतात. माझा भाचा तर हे ऐकून डोक्याला हात लावून बसला. पण मला सांगा, या देशात कोटा कशाला नाही? तत्काळ तिकिटाला कोटा, रेशनला कोटा, फौंड्रीत पिग आयर्न मागवलं तरी या महिन्याचा कोटा संपला म्हणून ऐकून घेतो. ‘उद्या या’ हे तर आपण जन्मल्यापासून ऐकतोय. मी “बरं” म्हटलं आणि पोराला झोपायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गेम चालू करून दिला, तेव्हा स्टीमच्या वरच्या कोपऱ्यात माझं नाव नव्हतं, कुठलंतरी परदेशी वाटणारं नाव होतं. विचारलं. “ते सर्व्हरचं नाव असतंय दादा. आता फक्त इंटरनेट लावून हा गेम उघडू नका.” पोरगं तेवढ्यात गोल मारून नाचत होतं. कोण वाद घालणार?

त्या कोट्याचा अर्थ भाच्यानं सांगितला, मग मी रात्र-रात्र वाचून काढला. गेमची नक्कल होऊ नये म्हणून डेनुव्हो नावाचं एक संरक्षण असतं, ऑस्ट्रियातल्या कंपनीचं, २०१४ पासून मोठ्या गेमना लावतात. ते फोडायला अवघड, म्हणून हे लोक फोडतच नाहीत. एका खात्यावर गेम एकदा खरा विकत घेतात, ते खातं शेकडो गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर एकेकदा उघडतात, डेनुव्हो त्या-त्या मशीनला बांधलेला परवाना देतं, मग स्टीम ऑफलाइन करून निघून जातात. एका दिवसात साधारण पाच वेगळ्या मशीनच्या वर परवाना मिळत नाही. सहावा मी होतो. मोठं अपडेट आलं किंवा प्रोसेसर बदलला की परवाना बाद, आणि खातं दुसऱ्याचं, त्यामुळं आपण परत काही करू शकत नाही. यालाच ते ‘ओरिजिनल’ म्हणतात. तोंडावर खोटं बोलला असंही म्हणता येत नाही मेल्याला, गेम खराच होता, फक्त माझा नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं. स्टीमचं अपडेट आलं आणि लायब्ररीतले दोन्ही गेम गायब, त्यांच्या जागी ‘खरेदी करा’. दुकानदार म्हणाला, रीअॅक्टिव्हेशनचे ७५०. दिले. कारण ३,६०० बुडवायचे की ७५० भरायचे, हा माझ्या हिशेबानं साधा हिशेब होता. परत तीच ओळ, परत अँटीव्हायरस बंद. या खेपेला त्यातून काय आत आलं देव जाणे, पण ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनं उचलली गेली. असा चोर पासवर्ड विचारतच बसत नाही, चालू असलेलं लॉगिनच जसंच्या तसं नेतो, त्यामुळं ओटीपीही आडवा येत नाही. स्टीमच्या वॉलेटमधले १,४८० गेले. इन्स्टाग्राम गेलं. इचलकरंजीच्या मित्राला माझ्या नावानं मेसेज गेला: दवाखान्यात आहे, अर्जंट ९,००० टाक. त्यानं फोनसुद्धा न करता टाकले. भला माणूस. ते मी त्याला भरून दिले, बायकोला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दुकानात मशीन फॉरमॅट करायचे ५००. बेरीज करून बघा.

असं काही झालं तर लॉगिन झालेल्या सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा, आणि पासवर्ड बदला तो त्या कॉम्प्युटरवरून नाही, मोबाइलवरून. मी आधी त्याच कॉम्प्युटरवरून बदलला. नवा पासवर्डही त्यांनाच मिळाला असणार.

आता सरकारी पाहुणचार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, उशीर केला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मित्रानं केला, तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुमच्या मित्रानं स्वतः टाकलाय, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार: “कसला गेम? रमी?” नाही म्हटलं, फुटबॉल. “मग किती लावले होते?” लावले नव्हते साहेब, विकत घेतला होता. त्यांनी आतल्या साहेबांकडं बोट केलं. साहेबांनी सगळं ऐकलं, चहा पिऊन झाला आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही पायरेटेड गेम वापरत होता. मग पहिला गुन्हा तुमच्यावरच लागंल की.”

माझं डोकंच फिरलं. जो लुटला गेला त्यालाच दम. घरी येऊन कायदा वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आहे, सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड, पण तो जाणूनबुजून नकली प्रोग्रॅम वापरणाऱ्याला. माझ्याकडं बिल आहे, ‘गेम सॉफ्टवेअर ३,६००’. जाणूनबुजून घेणारा बिल मागतो होय? २०१२ पासून ६५अ पण आहे, संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. फसवणुकीला न्याय संहितेचं ३१८ आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून पैसे उकळणाऱ्याला आयटी कायद्याचं ६६ड. एवढी कलमं माझ्यासारख्या कारकुनाला एका रात्रीत सापडली. त्या साहेबांना एकच सापडलं, आणि तेही माझ्यासाठी. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, पेढे वाटले आपण. पण साध्या कागदावर अर्ज लिहून घ्यायला ठाण्यात माणूस तयार नाही. “रक्कम बारीक आहे” म्हणे. बारीक! महिन्याला पंधरा हजारांवर घर चालवणारी माणसं माझ्या फौंड्रीत आहेत.

शेवटी ग्राहक आयोग. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असली तर तक्रारीला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, हे मला कुणीही सांगितलं नाही, शोधावं लागलं.

स्वस्त की इंटरनेटवरच्या दुकानातून घेतली तर सुरक्षित, असं समजणाऱ्यांनाही एक सांगतो. चोरीच्या क्रेडिट कार्डावर की घेऊन विकायच्या, हा जुना धंदा आहे. २०१५ साली युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं आपल्या फार क्राय ४ या गेमच्या अशा की रद्द केल्या होत्या. बोंबाबोंब झाल्यावर ज्यांनी खेळायला सुरुवात केली होती त्यांना परत दिल्या. दर वेळी देतील याचा भरवसा नाही. थेट स्टीमवरून घ्या. तिथं रुपयात भाव असतात, यूपीआय चालतं, आणि चौदा दिवसांच्या आत दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. सेल लागेपर्यंत दम धरा, जुना गेम ३,६०० पेक्षा कितीतरी कमीत येतो.

आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं त्याच दिवशी एक्स्पोर्ट करून ठेवा, व्हॉइस मेसेज वेगळे सेव्ह करा. मी भांडायला गेलो त्याच संध्याकाळी दुकानदारानं दोन दिवसांतले सगळे मेसेज ‘सर्वांसाठी’ डिलीट केले. कोट्याचा व्हॉइस मेसेज जुना होता म्हणून त्याच्या हातून सुटला. तो पेन ड्राइव्हवर वकिलांकडं दिलाय.