टर्बो गाडीला पाणी-मिथेनॉलचा फवारा, मोठा इंटरकूलर की १०० ऑक्टेन? नाशिकच्या हवेतला हिशेब

स्टेज १ रीमॅप केलेली (म्हणजे सुटे भाग न बदलता फक्त इंजिनाच्या संगणकातलं ट्यून बदललेली) टर्बो पेट्रोल गाडी जानेवारीत सुसाट पळते आणि एप्रिल लागला की मरगळते. बिघाड काहीच नसतो. इंजिनात शिरणारी हवा तापलेली असते, नॉक सेन्सरला टकटक (इंधन अवेळी आपोआप पेटल्याचा ठोका) जाणवते, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि टायमिंगबरोबर ताकदही जाते. यावर तीन उपाय सुचवले जातात: पाणी-मिथेनॉलचा फवारा, मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि जास्त ऑक्टेनचं, म्हणजे टकटकीला सहज बळी न पडणारं पेट्रोल. चौथा उपाय नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याचा. त्याचं नाव फारसं निघत नाही, पण नाशिकच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला फवाराच लावायचा असेल तर आमचं मत त्याच्या बाजूने आहे.

आधी उष्णता मोजू

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. हवेचा दाब इथे ०.९४५ बारच्या आसपास असतो. तेवढाच १ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) द्यायला टर्बोला मुंबईत १.९९ चा प्रेशर रेशो (दाबलेल्या हवेचा दाब भागिले बाहेरचा दाब) लागतो, तर इथे २.०६ चा. बाहेर ४० अंश तापमान आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून हवा १४३ अंशांना बाहेर पडते. इंटरकूलरने तिच्यातली ७० टक्के वाढ उतरवली तरी इंजिनाला ७१ अंशांची हवा मिळते. इंटरकूलर ८५ टक्क्यांचा असेल तर साधारण ५६ अंश. हा १५ अंशांचा फरक न थांबता, टाकी न भरता, वायर न ओढता मिळतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता फवारा. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणाऱ्या थारचं २.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिन १५० बीएचपीचं आहे, तेवढ्याच ताकदीचा हिशेब करू. पूर्ण जोरात दर बीएचपीमागे तासाला ०.२७ किलो पेट्रोल धरलं तर ताशी सुमारे ४० किलो, म्हणजे मिनिटाला ९०० सीसी. फवारा पेट्रोलच्या १० ते १५ टक्के ठेवतात. मधला आकडा घेतला तर मिनिटाला ११० सीसीच्या आसपास. वजनाने अर्धं पाणी, अर्धं मिथेनॉल असलेलं एवढं मिश्रण पूर्ण वाफ झालं तर इंजिनात जाणारी मिनिटाची ८ किलो हवा साधारण २२ अंशांनी थंड होते. नुसतं पाणी तेवढंच मारलं तर हिशेबाने ३३ अंश, कारण पाण्याची वाफ व्हायला मिथेनॉलच्या दुप्पट उष्णता लागते. चांगला इंटरकूलर असलेल्या गाडीत फवाऱ्याने ५० अंश उतरतात असं कुणी सांगत असेल, तर त्याने हे गणित केलेलं नाही.

प्रत्यक्षात गेजवर २२ किंवा ३३ दिसत नाहीत. थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेत सगळं पाणी उडून जात नाही. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, म्हणून ते वाटेतच हवा थंड करतं आणि गेजवर छान दिसतं. पाण्याचा बराच भाग सिलिंडरमध्ये, कॉम्प्रेशन होताना वाफ होतो. टकटक थांबायला नेमकी तिथेच थंडाई हवी असते, त्यामुळे फक्त गेज बघून पाण्याला नापास करू नका. पावसाळ्यात घरचा कूलर निकामी होतो तसंही इथे होत नाही. दाबलेली, साठ-सत्तर अंशांची हवा आषाढातही भरपूर पाणी पिऊ शकते.

मिथेनॉलने वेगळं काय मिळतं? दोन गोष्टी. एक, त्याचा ऑक्टेन १०९ च्या आसपास आहे. दोन, ते जळतं. वरच्या हिशेबात ते पेट्रोलच्या ऊर्जेत साडेतीन टक्क्यांची भर घालतं, म्हणून हवा-इंधनाचं मिश्रण थोडं रिच होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त होतं. थंड देशांत आणखी एक कारण असतं, टाकीतलं पाणी गोठू नये. निफाडच्या कडाक्यातही पारा सहसा शून्याच्या वरच राहतो, त्यामुळे हे कारण आपल्याला लागू नाही.

मिथेनॉल आणायचं कुठून

खरी अडचण इथे आहे. मिथेनॉल विष म्हणून नोंदलेलं आहे, त्याच्या विक्रीला आणि साठ्याला परवाना लागतो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉलनेच. सातपूर-अंबडच्या केमिकलच्या दुकानातून कॅन उचलून आणू, हा बेत पहिल्याच पायरीवर अडतो, आणि अडायलाच हवा. म्हणून काही जण हार्डवेअरच्या दुकानातला थिनर मिसळतात. त्यात टोल्युइनसारखे पदार्थ असतात. ते पंपाचा डायफ्रॅम आणि सील फुगवतात आणि पाण्यात नीट मिसळतही नाहीत.

कायदेशीर मार्गाने मिळालंच तरी हाताळणी सोपी नाही. ते कातडीतूनही अंगात जातं, साध्या नायट्राइल हातमोज्यांतून लवकर झिरपतं, ब्युटाइल रबराचे लागतात. शुद्ध मिथेनॉल ११-१२ अंशांवरच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. अर्धं पाणी घातलेलं मिश्रणही मे महिन्यातल्या बंद डिकीत सुरक्षित मानू नका. हॅचबॅक किंवा एसयूव्हीची डिकी म्हणजे प्रवाशांचीच हवा, हेही विसरू नका.

मिश्रणाबद्दल एक बारीक गोष्ट: वजनाने ५०:५० हवं असेल तर १ लिटर पाण्याला १.२६ लिटर मिथेनॉल लागतं. मापाने निम्मं-निम्मं घेतलं तर वजनाने मिथेनॉल ४४ टक्केच भरतं. ट्यून ज्या मिश्रणावर केलं तेच दर वेळी भरायचं, नाहीतर रिच-लीनचा हिशेब सरकतो.

इंटरकूलर आणि पेट्रोल

मुंबईहून येताना कसारा घाटात ट्रकच्या मागे पंचवीस-तीसच्या वेगाने चढत असताना इंटरकूलरला वारा मिळत नाही, तो तापून बसतो. ओव्हरटेकला पाय दाबला की पहिले काही सेकंद गरम हवाच जाते. मोठ्या इंटरकूलरमध्ये धातू जास्त, म्हणून तो उशिरा तापतो, पण तापला की निवायलाही वेळ घेतो. या एका प्रसंगात फवारा त्याला हरवतो. एरवी रस्त्यावर इंटरकूलरच सरस.

जाड कोअर (इंटरकूलरचा जाळीचा गाभा) घेण्याचा मोह आवरा. तो रेडिएटर आणि एसी कंडेन्सरची हवा अडवतो, मग द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये एसी थंड करेनासा होतो. कोअरच्या आधी आणि नंतर दाब मोजा. पूर्ण बूस्टला फरक ०.१५ बारच्या वर जात असेल तर टर्बो तेवढा जास्त राबतो आणि कमावलेलं अर्धं गमावतो. स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेत असाल तर पाइपांच्या टोकांना बीड (होज अडकून राहण्यासाठीची उठावदार कड) मागा, नाहीतर बूस्टला होज निसटतो. गाडीत बसवण्याआधी २ बारवर साबणाच्या पाण्याने लीकही तपासून घ्या.

पेट्रोलचं थोडक्यात. पंपावरचं ई२० आता ९५ ऑक्टेनच्या घरात असतं आणि त्यातलं इथेनॉल स्वतःच थोडी थंडाई देतं. त्यामुळे ‘९५’ लिहिलेल्या महाग नळीने फारसा फरक पडत नाही. ९९ किंवा १०० ऑक्टेनने पडतो, पण ते साध्या पेट्रोलच्या दीडपट भावाच्या आसपास जातं आणि ठरावीक पंपांवरच मिळतं. १०० ऑक्टेनवर ट्यून केलेली गाडी सटाण्याच्या पुढे एखाद्या साध्या पंपावर भरावी लागली तर काय, हा प्रश्न ट्यूनरला आधीच विचारा.

फवारा लावायचाच तर

पंप डायफ्रॅमचा, किमान १० बार दाबाचा. काच धुण्याच्या वॉशर पंपाने काम होत नाही. कमी दाबाला थेंब मोठे पडतात आणि एखाद्या सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी मिळतं. नोझलवर लिहिलेला प्रवाह कोणत्या दाबाला मोजलाय ते बघा. ७ बारला १०० सीसीचा नोझल १० बारच्या पंपावर, १ बार बूस्टच्या विरुद्ध, मिनिटाला ११३ सीसी देतो, म्हणजे आपल्या १५० बीएचपीच्या उदाहरणाला बरोबर बसतो. मोठा नोझल लावून ‘सेफ’ होत नाही. पाणी जास्त झालं की ठिणगी विझते, गाडी अडखळते. प्लगचा गॅप ०.६ मिमीच्या आसपास आणला तर थोडी सवड मिळते.

जागा इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या १० ते १५ सेंमी आधी. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर हवेच्या वाटेत फवाऱ्याच्या आधीच राहायला हवा. त्याच्यावर थेंब बसले तर तो खोटी थंडी दाखवतो, ईसीयू त्यावर विश्वास ठेवून टायमिंग पुढे नेतो आणि वाचवायला लावलेली वस्तूच इंजिन फोडते.

भोक पाडताना आटे बघा. बहुतेक किटचे नोझल १/८ एनपीटीचे असतात, इंचाला २७ आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १/८ बीएसपी, २८ आट्यांचा. दोन फेरे व्यवस्थित जातात आणि मग अडकतं. जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि बूस्ट तिथूनच गळतो. टॅप एनपीटीचाच मागवा, ड्रिल ८.५ ते ८.७ मिमी. पातळ प्लॅस्टिकच्या पाइपात भोक पाडू नका, ॲल्युमिनियमचा तुकडा घालून त्यावर बंग (आटे असलेली जाड बुशी) वेल्ड करून घ्या.

नोझलजवळ सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) हवाच. टाकी नोझलपेक्षा उंच असेल तर गाडी उभी असताना पाणी हळूहळू इनटेकमध्ये उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारला की हायड्रोलॉक होऊन (सिलिंडरमधलं पाणी दाबलं न गेल्याने पिस्टन अडकून) कनेक्टिंग रॉड वाकतो. फवारा कमाल बूस्टच्या निम्म्यावर सुरू व्हावा, वरच्या टोकाला पूर्ण.

पाणी डिमिनरलाइज्डच, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. बोअरचं तर नाहीच, घरच्या आरओचंही नको. त्यातही क्षार उरतात आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक भोकाला तेवढे पुरतात. नोझलच्या आधी गाळणी लावा. दर दोन महिन्यांनी नोझल काढून बाटलीत एक मिनिट फवारा सोडून सीसी मोजा. बाहेर बूस्टचा विरोध नसल्याने आकडा थोडा जास्तच यायला हवा. कमी आला तर नोझल तुंबतोय.

मग कुणी काय घ्यावं

रीमॅप नसलेल्या गाडीला यातलं काहीच नको. नुसता फवारा लावून ताकद वाढत नाही, ती टायमिंग आणि बूस्ट वाढवल्याने वाढते. स्टेज १ ला इंटरकूलर पुरतो. त्यानंतरही मे महिन्यात लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदींत) टायमिंग ४-५ अंश मागे जाताना दिसत असेल, तर पाण्याचा फवारा लावा, पण ट्यून फवाऱ्याशिवायही तग धरेल असंच ठेवून. मिथेनॉल ट्रॅकवरच्या आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यून केलेल्या गाड्यांसाठी राहू द्या.

डिझेलवाल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे टकटक रोखायची नसते, एक्झॉस्टचं तापमान उतरवायचं असतं, आणि त्याला पाणी चांगलं. डिझेलमध्ये मिथेनॉल म्हणजे जादा इंधन. प्रमाण वाढलं की ते वेळेआधी पेटतं आणि पिस्टनवर हातोडा पडतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. वॉरंटी आणि विमा दोन्हींचे कागद यापैकी काहीही बसवण्याआधी वाचा.

फवाऱ्यावर ट्यून झालेली गाडी ताब्यात घेताना एक चाचणी करून घ्या. ट्यूनर शेजारी, लॅपटॉप जोडलेला, रस्ता मोकळा. पंपाचा फ्यूज काढा आणि तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पाय दाबा. फ्लो सेन्सरला प्रवाह दिसला नाही की बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) मूळ दाबावर यायला हवा किंवा सुरक्षित मॅप लागायला हवा, तेही टकटक सुरू होण्याआधी. टाकीतल्या लेव्हल स्विचवर भागवू नका. टाकी भरलेली आणि नोझल तुंबलेला असताना त्याला काहीच कळत नाही. ट्यूनर ही चाचणी टाळत असेल तर उरलेले पैसे देऊ नका.