नॉर्वेचा तेलनिधी: हिशेब उघडा आहे, पण पहिल्या आकड्यावर थांबू नका

नॉर्वेची अर्थव्यवस्था समजून घ्यायला तेलनिधीच्या, म्हणजे सरकारने तेल-वायूच्या उत्पन्नातून साठवलेल्या पैशाच्या, संकेतस्थळाइतकी चांगली जागा नाही. ते चालवते नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेची, म्हणजे नॉर्जेस बँकेची, गुंतवणूक शाखा एनबीआयएम. शुल्क नाही, नोंदणी नाही, आणि १९९६ साली निधीत पहिली रक्कम पडली तेव्हापासूनचा हिशेब समोर.

पहिल्याच पानावर निधीचं एकूण मूल्य सतत हलताना दिसतं. सगळ्यांत जास्त गफलत तिथेच होते. आकडा क्रोनर या नॉर्वेच्या चलनात असतो आणि गुंतवणूक सगळी परदेशात. क्रोनर घसरला की आकडा फुगतो, पण त्या पैशातून परदेशात काही जास्त विकत घेता येत नाही.

म्हणून बाजारमूल्याच्या पानावर जाऊन वर्षवार तक्ता उघडा. परतावा, आवक आणि चलनबदल असे तीन घटक तिथे वेगळे दिलेत. २०२२ची ओळ पाहाच. त्या वर्षी निधीला १४.१ टक्के, म्हणजे १,६३७ अब्ज क्रोनरचा तोटा झाला. तरीही मूल्य १२,३४० अब्जांवरून १२,४२९ अब्जांवर गेलं! युक्रेन युद्धामुळे वायूचे भाव कडाडले आणि १,०९० अब्जांची आवक झाली. क्रोनर घसरल्याने आणखी ६४२ अब्ज वाढले. नुसतं एकूण मूल्य पाहणाऱ्याला या तोट्याचा पत्ताही लागणार नाही.

आवकही निव्वळ असते. सरकारचं तेल-वायूचं निव्वळ उत्पन्न निधीत जातं आणि अर्थसंकल्पातली तूट त्यातूनच भरली जाते. तक्त्यात दिसतो तो या दोन्हींतला फरक. २०१६मध्ये हा आकडा पहिल्यांदा उणे झाला. तेलाचे पैसे यायचे थांबले नव्हते, उचल जास्त झाली होती.

गुंतवणुकीची यादी हा या सेवेचा सगळ्यांत मोलाचा भाग. देश आणि क्षेत्रानुसार चाळता येते, उतरवूनही घेता येते. प्रत्येक कंपनीतल्या समभागांचं मूल्य आणि मालकीची टक्केवारी मिळते. मात्र ती ठरावीक तारखेची असते, आजची नव्हे. इक्विनॉर ही नॉर्वेची सरकारी हिस्सा असलेली तेल कंपनी तिथे शोधू नका. देशी अर्थव्यवस्था तापू नये म्हणून निधी नॉर्वेत गुंतवत नाही. इक्विनॉरमधला सरकारचा ६७ टक्के हिस्सा निधीबाहेर आहे.

भाषेचा एक सापळा आहे. इंग्रजी पानांवर बिलियन म्हणजे १०० कोटी, पण नॉर्वेजियनमध्ये बिलियन म्हणजे १ लाख कोटी. दोन्हीकडून आकडे उचलून शेजारी मांडले तर हजारपट चूक होते.

उणीव खर्चाच्या बाजूला जाणवते. निधीच्या अपेक्षित खऱ्या (महागाई वजा जाता उरणाऱ्या) परताव्याइतकंच, म्हणजे निधीच्या मूल्याच्या सरासरी ३ टक्के वापरायचं, हा नियम संकेतस्थळ नीट समजावून सांगतं (२००१मध्ये तो ४ टक्के होता, २०१७मध्ये कमी केला). पण सरकार प्रत्यक्षात किती वापरतं आहे हे पाहायला अर्थसंकल्पाची कागदपत्रं उघडावी लागतात. तिथे एकूण तूट पाहू नका, ‘तेल वगळून संरचनात्मक तूट’, म्हणजे तेलाचं उत्पन्न आणि तेजी-मंदीचा तात्पुरता परिणाम बाजूला काढून उरणारी तूट, ही ओळ शोधा. तेल कंपन्यांवरचा ७८ टक्के कर, उत्पादन आणि तेलक्षेत्रनिहाय माहिती हवी असेल तर ऊर्जा मंत्रालय आणि सागरतळ संचालनालय मिळून चालवतात ते ‘नॉर्वेजियन पेट्रोलियम’ हे संकेतस्थळ सोबत उघडं ठेवा.