महिलांचा वेगळा गट की एकाच समितीत निम्म्या जागा?

आपत्तीच्या तयारीत बायकांना स्थान द्यायचं म्हटलं की हे दोन पर्याय पुढे येतात.

वेगळ्या गटात बोलणं मोकळं होतं. निवाऱ्यातल्या संडासाला आतून कडी आहे का, तिथवर जायच्या वाटेवर दिवा आहे का, पाळीचं कापड कुठं धुवायचं, बाळंतीण कुठं झोपणार, हे प्रश्न सासरे-दिरांसमोर सहसा कुणी काढत नाही. पण या गटाच्या हाती ना पैसा, ना निवाऱ्याची किल्ली. यादी होते आणि फायलीत पडून राहते.

पुरुष-बायकांच्या एकत्र समितीत निर्णय होतात. मात्र बैठक ऐन स्वयंपाकाच्या वेळी ठेवली की रजिस्टरमध्ये बायकांच्या फक्त सह्या उरतात.

तरी माझा कल समितीकडे आहे, तो बांगलादेशामुळे. १९९१च्या चक्रीवादळात तिथं पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त दगावल्या. इशारा घरात नीट पोचत नव्हता, पोचला तरी मुलं-म्हातारी सोडून निघता येत नव्हतं, आणि परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायचा संकोच होताच. आता तिथल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमाच्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या महिला आहेत. सांगायला बाई आली की आतली बाई दार उघडते, शंका विचारते.

वेगळा गट मोडू मात्र नये. समितीच्या बैठकीआधी तो बसावा आणि त्याचे मुद्दे इतिवृत्तात सर्वांत आधी घ्यावेत, खर्चाच्या तरतुदीसकट.