घरच्या पीसीसाठी हार्ड डिस्क: सीगेट, डब्ल्यूडी की तोशिबा?

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, "दादा, २ टीबीची हार्ड डिस्क घ्यायचीय, सीगेट घेऊ की डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल)?" मी विचारलं मॉडेल नंबर काय आहे, तर म्हणाला नंबर कशाला, दोन्ही ७२०० आरपीएम (मिनिटाला ७२०० फेरे) आहेत आणि किमतीतही फार फरक नाही. बहुतेक जण इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्यात. सॅमसंगचा हा धंदा २०११ मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये डब्ल्यूडीने, आणि तिसरी तोशिबा. पण खरी निवड कंपनीची नाहीच, कारण तिघीही एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या डिस्क विकतात, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा बसतो आणि डिस्क बनवायला स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची चार उचलावी लागतात ना, तसंच इथे मधला डेटा बदलायचा म्हटलं की त्याच्या पुढचे ट्रॅकही परत लिहावे लागतात. वाचताना काही त्रास नाही, लिहिताना जीव जातो.

मी स्वतः एकदा अशी डिस्क घेतली होती, कंपनीचं नाव नको, हा प्रकार तिघींकडेही आहे. जुन्या डिस्कवरचे ९०० जीबी फोटो-व्हिडिओ एका दमात टाकायला बसलो, सुरुवातीला सेकंदाला १८० एमबीच्या आसपास स्पीड मिळत होता म्हणून निवांत जेवायला गेलो, येऊन बघतो तर १५ एमबी, मधेच शून्य, परत ४०, हिरवी पट्टी जागची हलेना, केबल बदलली, पोर्ट बदलला, शेवटी डिस्कच खराब निघाली असं समजून दुकानात घेऊन गेलो. डिस्क खराब नव्हतीच, ती तशीच चालते.

२०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. डब्ल्यूडीने नाससाठीच्या (नास म्हणजे नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) रेड सिरीजमधल्या काही डिस्कमध्ये ग्राहकांना न सांगता एसएमआर घातलं होतं. त्यानंतर कुठलं मॉडेल कसलं आहे हे कंपन्यांनी जाहीर केलं, त्यामुळे आता नंबर माहीत असला की शोधता येतं.

आता २ टीबीचं बघू. सीगेट बाराकुडाचं एसटी२०००डीएम००८ हे ७२०० आरपीएम, २५६ एमबी कॅश (डिस्कमधली छोटी तात्पुरती मेमरी), पण एसएमआर. डब्ल्यूडी ब्लूमध्ये नंबरच्या शेवटी ईझेडबीएक्स असेल तर ७२०० आरपीएम, २५६ एमबी कॅश आणि एसएमआर, आणि शेवटी ईएआरझेड असेल तर ५४०० आरपीएम, ६४ एमबी कॅश पण सीएमआर. म्हणजे कागदावर जी भारी दिसते तीच मोठ्या कॉपीला दमते. तोशिबा पी३०० मध्ये तर एका आकड्याचा फरक आहे, एचडीडब्ल्यूडी१२० हे ७२०० आरपीएम आणि सीएमआर, एचडीडब्ल्यूडी२२० हे ५४०० आरपीएम आणि एसएमआर, नाव दोन्हीचं पी३००च. फोटो-व्हिडिओ एडिटिंग करत असाल आणि ती १२० वाली मिळाली तर डोळे झाकून घ्या. पीसी बेडरूममध्ये असेल तर ईएआरझेड, कारण ७२०० वाल्यांची रात्रीची घरघर आणि कट्कट् चांगलीच ऐकू येते.

४ टीबीमध्ये मला तरी प्रश्नच पडत नाही. बाराकुडाचं एसटी४०००डीएम००४ आणि पी३००ची एचडीडब्ल्यूडी२४० दोन्ही एसएमआर, ब्लूची डब्ल्यूडी४०ईझेडएएक्स सीएमआर. हिची कॅश २५६ एमबी आहे, त्यामुळे "मोठी कॅश म्हणजे एसएमआर" हा जो ठोकताळा लोक सांगतात त्यावर जाऊ नका.

एसएमआर टाकाऊ आहे असं नाही हां. सिनेमे साठवायचे, महिन्याकाठी थोडे फोटो टाकायचे एवढंच काम असेल तर बाराकुडा व्यवस्थित चालते. टॉरेंट, एडिटिंग, रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं, डब्ल्यूडीची रेड सिरीज नव्हे) लावलेला नास, यासाठी मात्र नको. आणि विंडोज यातल्या कशावरच टाकू नका, त्याला छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या.

"सीगेट लवकर जाते" हे अजून ऐकू येतं. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्याकडच्या डिस्क किती बंद पडतात याचे आकडे दर तिमाहीला छापते, त्यात सीगेटचं ३ टीबीचं एसटी३०००डीएम००१ हे एक मॉडेल फार वाईट निघालं होतं. त्या एका मॉडेलवरून आजच्या बाराकुडाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वॉरंटी बाराकुडा, ब्लू आणि पी३०० या तिन्हींना २ वर्षंच आहे. थोडे जास्त पैसे असतील तर सीगेटची आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीची रेड प्लस घ्या, दोन्ही सीएमआर, वॉरंटी ३ वर्षं, आणि साध्या पीसीतही चालतात. पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतले फोटो नाही, त्यामुळे दुसरी कॉपी ठेवाच.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन कोणी फारच स्वस्त देत असेल तर ती वापरलेली असू शकते. डिस्क लावल्या लावल्या क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क किती तास चाललीय ते बघा, नवीन असेल तर एक आकडी असायला हवेत, आणि ०५, सी५, सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींचे रॉ आकडे शून्य हवेत. साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) वेगळी मागून घ्या, सुट्या डिस्कबरोबर सहसा येत नाही. ४ टीबी असेल तर फॉरमॅटच्या आधी जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) निवडा, नाहीतर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही, आणि विंडोजमध्ये ३.६३ दिसलं तर घाबरू नका, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे.

मावसभावाला दुकानदाराने आधी ईझेडबीएक्सच काढून दिली होती. त्याने लेबल वाचून ती परत केली, चार दिवस थांबून ईएआरझेड मागवली, आणि आता रोज रात्री थोडं थोडं करत लग्नाचं शूटिंग तिच्यावर टाकतोय. जुनी डिस्क त्याने अजून पुसलेली नाही.