निवास आणि न्याहारी : आठ महिन्यांत पाच घरांचा पाहुणचार

गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही फिरताना हॉटेल घेणं सोडलं. आई बरोबर असते. तिचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, बाहेरचं तेलकट सोसत नाही. म्हणून राज्याच्या पर्यटन विभागाच्या 'निवास व न्याहारी' योजनेतली आणि गावोगावची घरगुती राहण्याची ठिकाणं शोधत गेलो.

सुरुवात तारकर्लीपासून झाली. पहिल्याच सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. काकू ताटाशी उभ्या राहून "आणखी एक घेवा" म्हणत होत्या.

डिसेंबरात अंबाजोगाई. योगेश्वरी आमची कुलदेवी, मूळ घर कोकणातलं. आईनं जन्मभर देवीचं नाव घेतलं, पण देवीच्या गावातली 'सुशीला' नावाची न्याहारी कधी खाल्ली नव्हती. भिजवून पिळलेले मुरमुरे, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून डाळव्याचं पीठ. घरच्या वहिनींनी तिला शेगडीजवळ बसवून कृती दाखवली. आता आमच्याकडे दर रविवारी हीच न्याहारी असते.

जानेवारीत चिखलदरा, सुमारे 1100 मीटर उंचीवर. थंडी कडक, पण अंघोळीला बंबाचं पाणी आणि पोह्यांवर गरम तर्री. विदर्भात कॉफीची लागवड होते, हे मला तिथेच कळलं. घरमालक दादा भाजीवालीशी कोरकूत बोलत होते. एकही शब्द आम्हाला कळला नाही. आपल्याच राज्यात आहोत आणि भाषा कानाला पूर्ण नवी, त्या क्षणी मी खरंच थांबले.

मार्चमधलं कोकणातलं वेळास मात्र मनाला सगळ्यांत जवळचं. पूर्वी इथं कासवाची अंडी चोरीला जायची. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं आणि गावकऱ्यांनी घरटी राखली, आणि पिल्लं बघायला येणाऱ्यांना गावातल्याच घरांनी जागा दिली. जेवण साधं, शाकाहारी, ओटीवर पंगत. पहाटे वाळूत आईला चालवेना, तेव्हा घरातला मुलगा प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत आला. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तेव्हा खाली चार पिल्लं होती. ती समुद्राला लागेपर्यंत आई बोलली नाही.

एका ठिकाणी मात्र फार त्रास झाला. फोटोत खोलीला लागून संडास दाखवला होता. प्रत्यक्षात अंगणापलीकडे, तोही भारतीय पद्धतीचा. मालक शहरात, फोन उचलत नव्हते. रात्री दोनदा आईला टॉर्च धरून नेलं. वयस्कर माणसाला हे सोसत नाही, आणि सांगितलं असतं तर आम्ही गेलोच नसतो. तेव्हापासून पैसे भरण्याआधी फोनवर विचारते: कमोड आहे का, पायऱ्या किती, घरचे तिथेच राहतात का? भाड्यात बहुतेक ठिकाणी न्याहारीच धरलेली असते. दोन्ही वेळचं जेवण वेगळं, ते सकाळीच सांगावं. डोंगरात रेंज जाते आणि मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत, म्हणून रोख जवळ ठेवावी.

जूनमध्ये पुन्हा तारकर्ली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही थांबलेल्या. ताज्या माशांसाठी जाणाऱ्यांनी हे दोन महिने टाळावेत. आम्हाला फणसाची भाजी आणि सुकटीची चटणी मिळाली. काकूंनी आईसाठी खालचीच खोली ठेवली होती, आणि न्हाणीघरात बसायला उंच पाट. नोव्हेंबरात तो तिथं नव्हता.